पांढऱ्या शिरेचा खडा

१

दगड कोरायचा तर पाणी लागतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या भानगडीत पाणी आहे.

मी व्यंकटी. हिमायतनगरला एका खाजगी शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे, वय सत्तेचाळीस. शाळेतून आलो की घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसून नदीतले गोटे कोरतो. आमचं मूळ गाव इस्लापूरच्या अलीकडं, पैनगंगेच्या काठाला. लोक नदीवर जाऊन पाणी बघतात, मी पायाखाली बघत चालतो. गोटा हातात घेतला की त्यात काय आहे ते आधी दिसावं लागतं. बसलेली म्हैस, मिटलेली मूठ, घुबड. नाही दिसलं तर गोटा परत नदीत. दिसलं तर खिशात. तारामती, माझी बायको, कपडे धुताना खिसे चाचपते आणि म्हणते, "घरात जवारीपरीस दगडं जास्ती झालेत."

कोरायला छन्नी लागते आणि एक बारकी मशीन, दातांच्या डॉक्टरकडं असते तसली. तिचं टोक फिरत असताना दगडावर थेंब थेंब पाणी सोडत राहायचं, म्हणजे भुकटीचा चिखल होऊन खाली बसतो. पाणी नसलं तर भुकटी उडते आणि नाकातोंडात जाते. म्हणून तोंडाला रुमाल बांधायचा.

मागच्या साली नांदेडच्या एका प्रदर्शनात माझी सात घुबडं ठेवली होती. एक परीक्षक बराच वेळ त्यांच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "सफाई आहे मास्तर. पण यातलं एकही माझ्याकडं बघत नाही." घरी येईपर्यंत एसटीत मी त्या माणसाला मनातल्या मनात शंभर उत्तरं दिली. एकही पटलं नाही. ते बोलणं आत कुठंतरी रुतून बसलं ते बसलंच.

२

मार्चमध्ये अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझे वडील, ग्यानोबा. किडन्या गेल्या होत्या. नांदेडला दवाखान्यात नऊ दिवस होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला अर्धा लिटर पाणी, वर एक थेंब नाही. आणि अण्णा म्हणजे जन्मभर उन्हात औत हाकलेला माणूस, तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवणारा. शेवटच्या दिवशी माझं मनगट धरून म्हणाले, "व्यंकटी, घोटभर दे." मी घड्याळ बघितलं. पुढच्या पाण्याला अजून दोन तास होते. मी ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवला. त्या दोन तासांतच ते गेले. मी डॉक्टरांचं ऐकलं, काही चुकीचं केलं नाही. तरी ते उघडं राहिलेलं तोंड माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

सरणापाशी खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेऱ्या मारतात आणि मागून कुणीतरी खड्यानं त्या मडक्याला भोकं पाडतो. तो जीवखडा. दहा दिवस तो जपायचा, त्याच्यावर तीळ-पाणी घालायचं, दहाव्याला नदीत सोडायचा. गेलेल्या माणसाची तहान त्या खड्यावर भागते असं आपल्याकडं मानतात. "खडा बघ रे एखादा," असं गावच्या नदीकाठी कुणी म्हणालं तेव्हा मीच वाकलो. हाताला आला तो काळाभोर, मुठीत मावेल असा, वरच्या अंगाला पांढरी शीर गेलेला. बापाचं सरण रचलेलं आणि माझी नजर गोट्यावर. हे सांगायला लाज वाटते. पण तेव्हाच दिसलं होतं मला. ती शीर म्हणजे पटका, आणि पटक्याखाली तोंड वर करून बसलेला म्हातारा.

दहाव्याला कावळा शिवला. मी कंबरभर पाण्यात उतरलो. पंच्याच्या गाठीत काठावरचाच एक साधा गोटा आधी बांधून घेतला होता. तो सोडला आणि जीवखडा गाठीत बांधला. असला दगड नदीत फेकायचा माझ्यानं झाला नाही, एवढंच. काठावर माझा चुलतभाऊ बालाजी उभा होता. मी वर येत होतो तेव्हा तो माझ्या कमरेकडं बघत होता का पाण्याकडं, हे मला आजही सांगता येत नाही.

"झालं का भाऊ?" त्यानं विचारलं.

"झालं."

मी देवभोळा माणूस नाही. विज्ञान दिनाला भोंदूबाबांच्या युक्त्या पोरांना मीच करून दाखवतो, कुंकवाचं पाणी, हळदीचं रक्त. दगड तो दगड, असं मी गावाकडून येताना तीनदा तरी स्वतःला सांगितलं असेल.

३

एप्रिलमध्ये कोरायला घेतला तेव्हा आमच्या गल्लीत चार दिवसाआड टँकर येत होता. तारामती पिंपावर झाकण लावून त्याच्यावर वरवंटा ठेवायची. तिच्याकडं दगडासाठी पाणी मागायची माझी छाती नव्हती. कोरडंच कोरलं. पहिल्या दिवशी रुमाल बांधला, पण चष्म्यावर वाफ धरायची आणि नाक-डोळे काढताना नेमकं तेच दिसेना. मग रुमाल सोडला. कोरायचं, फुंकर मारायची, बघायचं, श्वास घ्यायचा, परत कोरायचं. अशा पाच दुपारी गेल्या. संध्याकाळी जेवायला बसलो की दाताखाली कचकच लागायची. तारामतीला वाटायचं भाकरीत खर आली.

शेवटी तोंड राहिलं. ते मी मिटलेलं काढणार होतो. मुद्दाम. पण मशीनचं टोक टेकवलं आणि तिथला टवकाच उडाला. दगड तिथं आतून पोकळ होता. तोंड उघडंच राहिलं, मसुराची डाळ बसेल एवढा एक खड्डा. मी त्याच्या कडा साफ केल्या आणि दगड खिडकीपाशी धरला.

तो माझ्याकडं बघत होता. मी डावीकडं सरकलो, उजवीकडं सरकलो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बापाचं तोंड बघत होतो आणि त्याच दमात त्या परीक्षकाची आठवण आली. फळीवर घुबडांच्या मधोमध मी तो ठेवून दिला. तारामतीला म्हणालो, सहज केलंय, अण्णांची आठवण म्हणून. दगड कुठला ते सांगितलं नाही. ती बघून म्हणाली, "तोंड मिटून द्यायचं होतं की वो."

४

एप्रिलच्या शेवटी आईला गावाकडून आणलं. आई, गुणाबाई, सत्तरीच्या पुढची. तिची एक गोष्ट सांगायला पाहिजे. अण्णांपुढं तिचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. अण्णा ओसरीवर असले आणि तिला दारावरून जायचं असलं, तरी हात आधी पदराला जायचा. पन्नास वर्षं हे असंच. माझ्यापुढं मात्र कधीच नाही, लेकापुढं कसला पदर. अण्णा गेल्यापासून तर तो खांद्यावरच असायचा.

आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. दुपारी मी मागच्या पडवीत पोरांचे चित्रांचे कागद तपासत बसलो होतो. आई वाळवणाला निघाली. पत्र्याच्या खोलीचं दार बंद होतं. त्या दारापाशी आल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला. दार ओलांडलं आणि पदर परत खांद्यावर आला.

ऊन असेल, मी मनाशी म्हणालो. पण वाळवण तर पुढं उन्हात होतं आणि तिथं ती उघड्या डोक्यानं वाकली होती. दार सावलीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथंच कागद घेऊन बसलो. जाताना पदर, येताना पदर.

"आई, पदर का घेऊन राहिलीस इथं?"

"कुठं?"

"या दारापाशी."

तिनं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हात जातो बाबा आपसूक. सवय हाय," म्हणाली आणि आत गेली.

मला संशय आला तो बालाजीचा. त्यानं नदीवर बघितलं असणार आणि आईच्या कानावर घातलं असणार. आई आंघोळीला गेल्यावर मी तिचा फोन उघडून बघितला. बालाजीचा एकही फोन नव्हता. मग तारामतीचा संशय आला. खोलीत कुणाची मूर्ती आहे हे तिनंच सांगितलं असेल, म्हातारं मन, फोटोपुढं घेतात तसा पदर घेत असेल. हे पटण्यासारखं होतं. तारामतीला विचारलं तर ती म्हणाली, "मी कशाला सांगू? त्या तोंडाकडं बघून त्यांना रडूच येईल." मग दोन्ही हात कमरेवर ठेवून तिनं मलाच विचारलं, "तुमी आधी सांगा, पिंपातलं पाणी कुठं जाऊन राहिलं? दगडाला वापरता का गुपचूप?"

"न्हाई."

"खरं?"

"अगं न्हाई म्हणलं ना."

तिचा विश्वास बसला नाही. माझाही तिच्यावर नव्हता. एका घरात तीन माणसं, आणि पिंपाकडं जाणाऱ्या प्रत्येकाकडं दुसरे दोघे बघायला लागले.

५

पाणी आई नेत होती. ते मला मे लागल्यावर कळलं. तिच्या वाटचा तांब्या भरून ती पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी ठेवायची. हात जोडणं नाही, बोलणं नाही. ठेवायची आणि यायची. तासाभरानं रिकामा तांब्या उचलून आणायची. स्वतः मात्र पीत नव्हती. ओठ फुटले होते, जीभ पांढरी पडली होती. विचारलं की म्हणायची, "प्याले की."

तांब्या रिकामा कोण करतं? मांजर असेल, खारी असतील, ऊन असेल. पण ऊन तांब्याभर पाणी तासात पीत नाही, हे पोरांना शिकवायला मास्तर लागत नाही.

मी एक युक्ती केली. दगडाची भुकटी माझ्याकडं डबाभर होती, पिठासारखी बारीक. सुट्टी अजून लागायची होती, सकाळची शाळा होती. निघताना, आईनं ठेवलेल्या तांब्याच्या चहूकडं आणि दाराच्या आतल्या बाजूला मी ती चाळणीनं पसरली. आजचा तांब्या मी आल्यावर उचलतो, तू जाऊ नको, असं आईला सांगितलं. कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली, शाळेत गेलो. चिमणी उतरली असती तरी तिची नखं उमटली असती.

साडेबाराला आलो. तांब्या कोरडा. भुकटी सकाळी टाकली तशीच, एक वळ नाही. कुलूप उघडलं, आतली भुकटीही तशीच. फळीवर सात घुबडं आणि मधे ते उघडं तोंड. मी बाटलीतलं पाणी झाकणात घेतलं आणि त्या तोंडाच्या खड्ड्यात एक थेंब टाकला. असला काळा गोटा पाणी पीत नाही. मी शेकडो कोरलेत, मला माहीत आहे. थेंब आत गेला.

दुसरा टाकला, तोही गेला. पोकळी असेल आत, भरेल आता. मी झाकण ओतलं, मग बाटलीच लावली. बारीक धार धरली होती. डाळ बसेल एवढा तो खड्डा, आणि काठावरून एक थेंब सांडला नाही. फळी कोरडी. मी दगडाखाली बोट घालून बघितलं, खालूनही कोरडा. लिटरची बाटली संपली. बाहेर गल्लीत टँकरचा भोंगा वाजला, बायका हंडे घेऊन पळाल्या आणि मी रिकामी बाटली तशीच तिरपी धरून उभा होतो.

मी पळालो नाही. मला वाटलं होतं मी पळेन. उलट, आणखी पाणी आणावं असं वाटलं. दवाखान्यात राहून गेलेलं द्यावं असं वाटलं. याचीच मला नंतर जास्त भीती वाटली.

६

त्याच आठवड्यात आई न्हाणीत पडली. हिमायतनगरच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चामडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "यांच्या अंगात पाणीच नाही," म्हणाले. "घरात माणसं आहात ना तुम्ही?" सलाईन लावलं. तारामतीनं चमच्यानं पाणी पाजायला बघितलं तर आईनं तोंड फिरवलं.

"घे की आई," मी म्हणालो. मला रडू फुटत होतं. "माझ्यासाठी घे."

"त्यांचं झाल्यावर घेईन," ती म्हणाली. "त्यांचं होईनाच झालंय, मी काय करू?"

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, असंच राहिलं तर सलाईनवर किती दिवस काढणार. मी बालाजीला फोन लावला आणि सरळ विचारलं, दहाव्याला त्यानं काय बघितलं होतं.

"भाऊ, तुमी मोठे. मी काही बोललो न्हाई कुणाला," तो म्हणाला. "पण तो खडा अजून घरातच असंल तर आजच्या आज सोडा. मोठ्या आईचं बघा."

गावापाशी नदी कोरडी ठाक होती. सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली डोहात तेवढं पाणी असतं. दगड टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवला आणि भर उन्हात गाडी काढली. इस्लापूरपर्यंत दोनदा थांबून डिकी उघडली, आहे का बघायला. टॉवेल कोरडा होता. पण दगड हाताला जड लागला, नदीतून आणला त्याहून जड, आणि कोरल्यावर तर तो हलका व्हायला पाहिजे होता.

धबधब्याला धार नव्हती. काळ्या खडकांवरून उतरून डोहाच्या काठाशी बसलो. पटका, नाक, उघडं तोंड. एवढं चांगलं काम माझ्या हातून परत होणार नाही, हे तिथंही मनात आलं. असा मी माणूस आहे.

"अण्णा, माफ करा," मी म्हणालो. "प्या आता पाहिजे तेवढं."

सोडला. मागं बघितलं नाही.

७

दवाखान्यात पोचलो तर आई खाटेवर बसली होती. दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी पीत होती, घटाघटा, हनुवटीवरून ओघळ येत होते. तारामती शेजारी बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. आईचा पदर खांद्यावर होता. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडलो.

चार दिवसांनी घरी आणलं. पत्र्याच्या खोलीपुढून ती तशीच जायची, उघड्या डोक्यानं. मी स्वतः तीन-चारदा बसून बघितलं. आता झालं, असं मी तारामतीला म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते मी खुशीनं सोसलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खोली झाडायला काढली. खिडकीच्या चौकटीत, मशीनच्या फटीत, चष्म्याच्या घरात, सगळीकडं ती काळसर भुकटी होती. मी झाडत होतो आणि घसा कोरडा पडत होता. बाहेर येऊन तांब्याभर पाणी प्यालो. परत झाडू हातात घेतला, परत बाहेर आलो. मग चौकटीतली ती चिमूटभर भुकटी बोटावर घेऊन बघत बसलो. डोहात सोडला तो पटका होता, नाक होतं, तोंड होतं. कोरून उडालेली भुकटी त्यात नव्हती. तोंडातनं निघालेली तर अजिबात नव्हती. पाच दुपारी रुमाल न बांधता फुंकर मारून श्वास आत घेतला होता मी.

उन्हाळा आहे, म्हणून तहान लागते. डॉक्टरांना दाखवलं. साखर नाही, किडन्या चांगल्या आहेत. छातीचा फोटो काढला, तोही साफ आहे म्हणाले. "पाणी प्या भरपूर," म्हणाले आणि हसले.

काल दुपारी मी पिंपापाशी उभा होतो. सकाळपासून कितवा तांब्या ते ठाऊक नाही. पोटाला तडस लागली होती आणि जीभ टाळूला चिकटलेली. मागून पावलं वाजली. आई होती. तिच्या हातात तिचा भरलेला तांब्या होता. ती माझ्याकडं बघत राहिली. मी तांब्या तोंडाला लावतो कसा, धरतो कसा, ते बघत होती. मग तिनं आपला तांब्या माझ्यापुढं पिंपाच्या झाकणावर ठेवला.

"तू पी आई," मी म्हणालो. "माझं झालं."

तिनं मान खाली घातली, पदर डोक्यावर घेतला आणि मला जायला वाट देऊन दाराआड सरकून उभी राहिली.